बागेतल्या मॉडेल रेल्वेसाठी छोटं लाकडी दुकान : आधी बूड सांभाळा

गोव्याच्या पावसात लाकडी मॉडेल बहुधा बुडापासून कुजायला लागतं, आणि वाळवीही तिथूनच चढते. म्हणून दुकान थेट मातीवर नको. चिऱ्याचा सपाट तुकडा जोतं म्हणून बसवा आणि भिंतींची खालची कड त्यापासून तीन-चार मिलिमीटर वर राहील असे पितळी पाय द्या.

भिंतींना ६ मिमी मरीन प्लाय (पाण्याला टिकणारं प्लायवूड) घ्या. पाणी शिरतं ते कापलेल्या कडांतून, तेव्हा कडांना प्रायमरचे दोन हात हवेतच. वर सुताराकडच्या सागवानी कातरणातल्या पट्ट्या, खालून वर एकीवर एक चढवत. दोन रुळांतलं अंतर ४५ मिमी असलेल्या रेल्वेसाठी १:२२.५ माप (खऱ्या वस्तूचा साडेबावीसावा भाग) धरलं तर २ मीटरचं दार ८९ मिमी होतं आणि १५ सेंटिमीटरची फळी जेमतेम ६.७ मिमी. इथे हात सैल सुटला की दुकान खेळण्यातलं दिसायला लागतं.

साधा पांढरा गोंद ओलीत सुटतो. वॉटरप्रूफ गोंद आणि पितळी पिना वापरा. खाऱ्या हवेत लोखंडी चुका गंजून लाकडावर काळे ओघळ आणतात.

छप्पर चिकटवू नका, काढता येईल असं ठेवा. आत मुंग्या घर करतातच, आणि जूनमध्ये दुकान उचलून पडवीत न्यायचंच आहे.