अर्थशास्त्राला येताय? आधी तळटीप वाचा

‘अर्थशास्त्र हे वास्तववादी शास्त्र की आदर्शवादी?’ म्हणजे ते फक्त ‘काय आहे’ हे सांगतं की ‘काय असावं’ हेही, हा प्रश्न परीक्षेला हमखास येतो. नोट्समध्ये उत्तर तयार असतं: ॲडम स्मिथची संपत्तीची व्याख्या, मार्शलची कल्याणाची, रॉबिन्सची दुर्मिळतेची. लिहा, मार्क मिळतात. पण स्मिथ ग्लासगोला नीतितत्त्वज्ञान शिकवायचा आणि मार्शलच्या केंब्रिजमध्ये १९०३ पर्यंत अर्थशास्त्राला स्वतंत्र परीक्षाच नव्हती, हे त्या नोट्समध्ये सहसा नसतं. साध्य काय असावं हा अर्थतज्ज्ञाचा प्रश्नच नव्हे, असं रॉबिन्सने ठामपणे मांडलं ते १९३२ साली.

मला हा सगळा वाद उलगडला तो दारिद्र्यरेषेमुळे. पुण्याच्या गोखले संस्थेतल्या दांडेकर आणि रथ यांचा १९७१चा अभ्यास पेन्सिल घेऊन वाचा. माणशी रोज २२५० कॅलरी हा निकष; तेवढं अन्न मिळवणाऱ्या कुटुंबांचा एकूण खर्च बघायचा. १९६०-६१च्या किमतींना रेषा आली खेड्यात माणशी महिना १५ रुपये, शहरात साडेबावीस. हिशेब चोख आहे. पण पोट भरलं की माणूस गरीब नाही, हे कोणी ठरवलं? त्याआधी १९६२मध्ये नियोजनकारांच्या गटाने २० रुपये धरले होते आणि त्यात शिक्षण-आरोग्याचा खर्च धरलाच नव्हता, कारण तो सरकार करणार होतं! शासन नागरिकाचं काय देणं लागतं, हा समाज-तत्त्वज्ञानाचा केवढा मोठा प्रश्न, आणि तो एका गृहीतकात उरकलेला.

श्रमबाजाराचंही तसंच. जास्त मजुरी असेल तिकडे मजूर जातो, असं पाठ्यपुस्तक सांगतं. आंबेडकरांनी १९३६मध्ये लिहिलं की जात ही श्रमाची नव्हे, श्रमिकांची विभागणी आहे. धंदा बदलायला मुभा नसल्यानं ती बेकारीचं थेट कारण बनते. आपल्याकडे हा मजकूर समाजशास्त्राच्या कपाटात ठेवतात, का कोण जाणे. लिहिणारा माणूस कोलंबिया आणि लंडनमध्ये अर्थशास्त्र शिकलेला होता.

एक मात्र सांगतो: गणित टाळायला तत्त्वज्ञानाचा आडोसा घेऊ नका. संख्याशास्त्र नीट आलं नाही तर गृहीतक कुठे दडलंय तेच सापडणार नाही. प्रबंधिकेचा विषय शोधत असाल तर राष्ट्रीय नमुना पाहणीचा, म्हणजे सरकारच्या घरोघरच्या सर्वेक्षणाचा, एखादा अहवाल उघडा आणि ‘कुटुंब’, ‘काम’, ‘बेरोजगार’ यांच्या व्याख्यांपासून सुरुवात करा. घरचं शेण-पाणी करणारी बाई कुठल्या रकान्यात बसवलीय, ते आधी बघा.