कळपाचा राखणदार कुत्रा घडवताना

शेतावर किंवा कुरणात कुत्रा पाळायचा असेल, तर त्याच्याकडून कोणते काम करून घ्यायचे आहे हे पिल्लू आणण्याआधीच ठरवावे. गुरामेंढरांबरोबर काम करणारे कुत्रे मुख्यतः दोन प्रकारचे असतात आणि त्यांचे स्वभाव परस्परांच्या उलट असतात. कळप हाकणारा कुत्रा, उदाहरणार्थ बॉर्डर कोली, मेंढ्यांवर नजर रोखतो, दबकत पुढे सरकतो आणि पाठलाग करतो. शिकारीच्या या पहिल्या पायऱ्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या निवडीतून त्याच्यात तीव्र झालेल्या असतात, तर चावून ठार मारण्याची शेवटची पायरी मंदावलेली असते. राखणदारामध्ये, मग तो तुर्कस्तानातील कंगाल असो, इटलीतील मारेम्मा असो वा हिमालयातील बकरवाल, पाठलागाची ओढच कमी असते. तो कळपातलाच एक होऊन राहतो आणि परके जनावर जवळ आले की मध्ये उभा राहून भुंकतो. एकाच कुत्र्याने दोन्ही कामे करावीत अशी अपेक्षा ठेवली, तर बहुधा दोन्ही कामे बिघडतात. हा लेख राखणदाराविषयी आहे, कारण त्याच्या संगोपनात राहिलेली उणीव पुढे भरून काढणे फार अवघड असते.

राखणदाराला काय शिकवले, यापेक्षा तो कोणाच्या सहवासात वाढला याला अधिक महत्त्व आहे. पिल्लू वयाच्या तिसऱ्या आठवड्यापासून साधारण बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंत ज्यांच्यात वावरते, त्यांनाच ते आयुष्यभर आपले मानते. रेमंड आणि लॉर्ना कोपिंजर या दांपत्याने १९७० च्या दशकात अमेरिकेत युरोप-आशियातील राखणदार कुत्रे आणून पशुपालकांकडे ठेवले, तेव्हा त्यांच्या अभ्यासात हीच गोष्ट ठळकपणे पुढे आली. नामिबियातही चित्ता संवर्धनासाठी काम करणारी संस्था १९९४ पासून पशुपालकांना अनातोलियन शेफर्ड आणि कंगाल या तुर्कस्तानी जातींची पिल्ले देत आली आहे. शेळ्यामेंढ्या सुरक्षित राहिल्या म्हणजे चित्त्यावर बंदूक रोखण्याची वेळ पशुपालकावर येत नाही.

पिल्लू निवडताना त्याचे आईबाप कळपात काम करताना प्रत्यक्ष पाहावेत. पिल्लांमधले अतिधीट किंवा कोपऱ्यात दडून बसणारे पिल्लू टाळून शांत आणि चौकस असलेले घ्यावे. सात आठवडे पूर्ण होण्याआधी त्याला आईपासून तोडू नये, कारण चावा किती जोरात घ्यायचा याचे भान त्याला आई आणि भावंडांशी खेळतानाच येते.

आठव्या आठवड्याच्या सुमारास पिल्लाला थेट मेंढ्यांच्या वाड्यात आणावे, मात्र मोठ्या कळपात एकदम सोडू नये. वाड्याचा एक कोपरा जाळीने वेगळा करावा आणि जाळीला फक्त पिल्लू जाऊ शकेल एवढीच फट ठेवावी. त्याचे पाणी, खाणे आणि निजण्याची जागा त्या कोपऱ्यातच असावी, म्हणजे मेंढ्या त्याचे खाणे फस्त करणार नाहीत आणि भीती वाटली तर त्याला आसराही मिळेल. सोबतीला पाच-सहा शांत मेंढ्या ठेवाव्यात. नुकतीच व्यालेली मेंढी मात्र या दिवसांत जवळ नसावी, कारण ती पिल्लाला जबर धडक देऊ शकते. पहिल्या भेटीत मेंढी बहुधा पुढचा पाय जमिनीवर आपटते, मान खाली घालते आणि क्वचित ढुशीही देते. अशा वेळी पिल्लाने अंग चोरले, उताणे पडून पोट दाखवले किंवा मेंढीचे तोंड चाटले, तर ते शुभलक्षण समजावे. त्याला लगेच उचलून कडेवर घेण्याचा मोह आवरावा, कारण संकटात माणसाकडे धाव घ्यायची हा धडा त्याने येथेच घेतला, तर पुढे तो कळप सोडून घराच्या उंबऱ्यावर बसेल.

याचा अर्थ पिल्लाला माणसाचा स्पर्श होऊ द्यायचा नाही, असा मात्र मुळीच नाही. माणसाला बुजणारा कुत्रा आजारी पडला की हाती लागत नाही आणि जखमेवर औषधही लावू देत नाही. म्हणून रोज थोडा वेळ वाड्यातच त्याला हाताळावे. पंजे, कान आणि दात पाहावेत, पट्ट्याची व दोरीची सवय लावावी, नावाने हाक मारताच जवळ येणे आणि ‘नाही’ म्हणताच थांबणे शिकवावे. खेळायला चेंडू किंवा काठी फेकू नये. धावत्या वस्तूमागे सुटायची गोडी आपणच लावायची आणि मग कोकराच्या मागे धावला म्हणून रागवायचे, हा त्याच्यावर अन्याय आहे.

खरी कसोटी पाचव्या-सहाव्या महिन्यानंतर लागते आणि ती वर्ष-दीड वर्षाच्या वयापर्यंत चालते. या काळात अंगात ताकद येते, पण समज आलेली नसते. कुत्रा कोकरांच्या मागे धावतो, लोकर ओढतो, कान चावतो. असे दिसताच त्याच क्षणी कडक आवाजात दटावावे. तासाभराने दिलेल्या शिक्षेचा संबंध त्याला लागत नाही, आणि मारहाणीने तर तो कळपाजवळ जाण्याचीच धास्ती घेतो. खोड गेली नाही तर गळ्यात काही दिवस हलके लोढणे अडकवावे: पट्ट्याला आडवे टांगलेले लाकूड चालताना त्रास देत नाही, पण धावू लागताच पायांना लागते. देखरेख नसेल तेव्हा मात्र ते काढून ठेवावे. या वयात त्याला कोकरांबरोबर एकटे सोडू नये. अनुभवी राखणदार सोबत असेल, तर तो तरुण कुत्र्याचा अतिरेक स्वतःच आवरतो. बहुतेक राखणदार दीड ते दोन वर्षांचे झाल्यावरच भरवशाचे होतात.

आरोग्याच्या बाबतीत हयगय करणे कुत्र्याला आणि माणसाला सारखेच महागात पडते. सहा ते आठ आठवड्यांच्या वयात पार्व्हो व डिस्टेंपर या जीवघेण्या विषाणूजन्य आजारांवरची पहिली लस द्यावी आणि सोळा आठवड्यांपर्यंत दर तीन-चार आठवड्यांनी ती पुन्हा द्यावी. रेबीजची लस तिसऱ्या महिन्यात, मग वर्षाने आणि पुढे पशुवैद्यकाच्या सल्ल्याने द्यावी. कोणत्याही संशयित जनावराचा चावा माणसाला झाला, तर जखम साबणाने आणि वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुऊन लगेच दवाखाना गाठावा. मेंढरांमध्ये राहणाऱ्या कुत्र्याला एक विशेष धोका असतो, तो म्हणजे एकायनोकॉकस नावाच्या पट्टकृमीचा. मेलेल्या किंवा कापलेल्या मेंढीचे कच्चे यकृत, फुप्फुस यांतून तो कुत्र्याच्या पोटात जातो, कुत्र्याच्या विष्ठेतून त्याची अंडी बाहेर पडतात आणि ती माणसाच्या पोटात गेल्यास यकृतात किंवा फुप्फुसात पाण्याने भरलेल्या गाठी होतात. कुत्रा वरून धडधाकट दिसत असल्याने हा धोका लक्षात येत नाही. म्हणून कच्ची आतडी-काळजे त्याला कधीही घालू नयेत, मेलेले जनावर खोल पुरावे, सुमारे दर सहा आठवड्यांनी प्राझिक्वांटेल या पट्टकृमीनाशक औषधाची मात्रा पशुवैद्यकाच्या सांगण्यानुसार द्यावी आणि कुत्र्याला हात लावल्यावर जेवणाआधी हात धुवावेत.

मेंढ्यांना दिलेले औषध कुत्र्याच्या पोटात जाणार नाही याकडेही लक्ष ठेवावे. आयव्हरमेक्टिन हे जंतनाशक कोली कुळातील अनेक कुत्र्यांना घातक ठरते. त्यामागचा जनुकीय दोष २००१ मध्ये उघड झाला. औषधाला मेंदूत जाण्यापासून रोखणारी यंत्रणा या कुत्र्यांमध्ये काम करत नाही. तेव्हा कळप हाकायला कोली असेल, तर मेंढ्यांना मात्रा देताना सांडलेले औषध लगेच पुसावे आणि पुढचे काही दिवस त्याला त्यांच्या लेंड्या खाऊ देऊ नयेत.