विद्यार्थ्यांची फॅन्टसी फिल्म: आधी महोत्सव, मग यूट्यूब

एडिट संपलं की उत्साहाच्या भरात फिल्म थेट यूट्यूबवर जाते आणि प्रीमियरची अट (फिल्म आधी कुठेही जाहीर दाखवलेली नसावी) असलेले महोत्सव हातचे जातात.

१. फिल्म व्हिमिओ या व्हिडिओ साइटवर पासवर्ड लावून ठेवा, महोत्सवांना तीच लिंक द्या.

२. तोवर प्रेक्षक जमवा. फॅन्टसीतलं जग कसं उभं राहिलं हे बघायला लोकांना फार आवडतं: मुखवट्यावर रंगाचा पहिला हात, पुठ्ठ्याच्या किल्ल्यावर पडलेला निळा प्रकाश. हे फोटो शूटिंगच्या दिवशीच काढा, नंतर सेट मोडलेला असतो. आधी कॉमिक्स वाचणाऱ्यांच्या, गेम खेळणाऱ्यांच्या ग्रुपवर टाका. हेच तुमचे खरे प्रेक्षक.

३. महोत्सवांची फेरी झाली की सगळ्यांसाठी ऑनलाइन.

संगीताचा परवाना मात्र नीट वाचा. काही परवाने फक्त महोत्सवांपुरते असतात, यूट्यूबसाठी वेगळे हक्क घ्यावे लागतात.