वाट आधी कशाची होती? मोटारींशिवाय इंग्लंडच्या खेड्यांतून सायकल

इंग्लंडच्या खेड्यात सायकल म्हटलं की दोन्ही बाजूंनी झुडपांची कुंपणं असलेली अरुंद गल्ली सगळ्यांच्या डोळ्यांपुढे येते. गल्ल्या तशाच आहेत. पण वेगळी पाटी नसेल तर त्या गल्लीत मोटारीला ताशी ६० मैलांपर्यंत मुभा असते, आणि उंच कुंपणामुळे वळणापलीकडचं काही दिसत नाही. मी मूळची सांगलीची. गर्दीतून सायकल काढायची सवय आहे, पण रिकाम्या गल्लीत अचानक अंगावर येणाऱ्या मोटारीची मला आजही धास्ती वाटते. म्हणून नैऋत्य इंग्लंडमधल्या स्विंडनला आल्यापासून मी मोटार जिथे येऊच शकत नाही अशाच वाटा शोधते. इकडे आलेल्या पाहुण्यांनाही तिथेच नेते. त्यांत साठीच्या नणंदबाईही आल्या.

वाट निवडताना अंतर नंतर बघा. आधी बघा, ती वाट पूर्वी कशाची होती. चढ, सावली, चिखल, चहा, सगळं त्यावरून कळतं.

सगळ्यात सोप्या त्या जुन्या रेल्वेच्या. १९६३ साली ब्रिटिश रेल्वेचे अध्यक्ष रिचर्ड बीचिंग यांचा अहवाल आला आणि पुढच्या काही वर्षांत हजारो मैल लोहमार्ग बंद झाले. रूळ उचलले, भराव आणि खिंडी राहिल्या. वाफेच्या इंजिनाला उभा चढ झेपत नसे, त्यामुळे डोंगराळ मुलखातही या वाटा गुडघ्यांना जपून घेतात. ब्रिस्टल ते बाथ ही १३ मैलांची वाट या पद्धतीची आद्य म्हणायला हरकत नाही. १९७९ ते १९८६ या काळात ती टप्प्याटप्प्याने बांधली, त्यात स्वयंसेवकांचे हात मोठ्या संख्येने होते. मँगॉट्सफील्डला जुन्या स्टेशनाचे अवशेष दिसतात, बिटनला तर वाफेची गाडी अजून धावते. मात्र ही वाट लोक कामावर जायला वापरतात, सकाळी साडेआठला शांतता शोधू नका.

रेल्वेवाटेची एक खोडी लक्षात ठेवा. रूळ निघाले तेव्हा काही ठिकाणी रस्त्यावरचा लोखंडी पूलही निघाला. तिथे वाट एकदम खाली रस्त्यावर उतरते आणि पलीकडे तेवढीच उभी चढते. उतरायच्या आधीच गिअर हलका करा, नाहीतर मध्येच पाय टेकावे लागतात.

पहिल्यांदाच जाणार असाल तर माझं मत डेव्हनमधल्या टार्का ट्रेलला. ब्राँटन ते मीथ, साधारण ३० मैल, जवळजवळ सगळं मोटारींशिवाय आणि डांबरी. एक्झिटरहून बार्नस्टपलला रेल्वे जाते. तिथून फ्रेमिंग्टन की, इन्स्टो, बिडफर्ड असं खाडीकाठाने जायचं. ओहोटीला मैलभर चिखल उघडा पडतो आणि पक्षी त्यावर तुटून पडतात. भरतीला तीच जागा पाण्याने भरलेली. इन्स्टोला रेल्वेचा जुना सिग्नल बॉक्स आहे आणि वाळूही, सायकल लावून पाय ओले करा. बिडफर्डला २४ कमानींचा जुना पूल नदीपलीकडे दिसेल. टॉरिंग्टनपुढे वाट झाडीत शिरते आणि मीथकडे हळूहळू चढत जाते. वारा बहुधा पश्चिमेकडून असतो, म्हणून बार्नस्टपलहून निघताना तो तोंडावर घ्यायचा आणि थकल्यावर, परतताना, पाठीवर.

डर्बीशरच्या पीक डिस्ट्रिक्टमधली मॉन्सल ट्रेल जेमतेम साडेआठ मैलांची, पण चुनखडीच्या दऱ्या, उंच पूल आणि २०११ मध्ये पुन्हा उघडलेले बोगदे एवढ्यातच मिळतात. बोगद्यात दिवसा दिवे असतात. उन्हाळ्यातल्या रविवारी बेकवेलच्या टोकाला जत्रा भरते, मंगळवारी जा. जवळचीच ॲशबर्न ते पार्सली हे ही १३ मैलांची टिसिंग्टन ट्रेल जास्त मोकळी, जास्त वाऱ्याची. हाय पीक ट्रेलबाबत मात्र सावध. ‘जुनी रेल्वे म्हणजे सपाट’ हे गणित तिथे एका टोकाला चुकतं. ती १८३०च्या दशकातली मालवाहू रेल्वे. उभ्या चढांवर डबे दोराने, वर बसवलेल्या इंजिनाच्या जोरावर ओढून घेत. मिडलटनचा उतार साधारण आठास एक आहे, म्हणजे आठ फूट पुढे गेलं की एक फूट वर. मिडलटन टॉपपासून पार्सली हेकडे जा, क्रॉमफर्डची बाजू चालणाऱ्यांना सोडा.

दुसरा प्रकार कालव्यांचा. पूर्वी काठाने घोडे चालत आणि नावा ओढत, तीच आजची वाट. म्हणून ती सपाट, पण अरुंद. लॉक, म्हणजे नावा वर-खाली नेणारा दारांचा हौद, आला की थोडासा चढ, बाकी काही नाही. केनेट अँड एव्हन कालवा रेडिंगपासून ब्रिस्टलकडे जातो, त्यातला बाथ ते ब्रॅडफर्ड-ऑन-एव्हन हा तुकडा मी डोळे मिटून सुचवते. बाथमधले लॉक ओलांडले की ब्रॅडफर्डपर्यंत सुमारे नऊ मैल एकही लॉक नाही. वाटेत डंडस आणि ॲव्हनक्लिफ इथे कालवाच पुलावरून नदी ओलांडतो. पुलाच्या कमानींखाली वाट आखडते, समोरचं दिसत नाही. घंटी वाजवा, हळू व्हा, गरज पडली तर उतरा. चालणाऱ्याचा हक्क आधी. नावांत राहणारी माणसं काठावरच चहा पीत असतात, त्यांच्या अंगणातून आपण जातोय हे ध्यानात ठेवा. डिव्हायझेसपर्यंत गेलात तर केन हिलला एका रांगेत १६ लॉक दिसतील. पावसानंतर मात्र जिथे डांबर किंवा खडी नाही तिथे मडगार्डशिवाय पाठ चिखलाने रंगते.

दम असेल तर परतीला बाथचे जुन्या रेल्वेचे दोन बोगदे घ्या. २०१३ मध्ये ही वाट खुली झाली. कूम डाउनचा बोगदा १,६७२ मीटरचा, आत मध्यावर संगीत ऐकू येतं. दिवे असले तरी स्वतःचा दिवा लावा, आणि भर जूनमध्येही जॅकेट घाला. मिडफर्डकडून कालव्याला जोडताना गल्लीचा छोटा तुकडा आणि एक चढ आहे, तेवढं सोसा.

तिसरा प्रकार घोडेवाटा, म्हणजे घोडेस्वारांसाठीच्या ‘ब्रायडलवे’. १९६८ च्या कायद्याने तिथे सायकलला परवानगी आहे. निळा बाण म्हणजे घोडेवाट. पिवळा बाण फक्त पायी. पण टापांनी उकरलेल्या मातीवर पातळ टायर आणि सामान घेऊन जाणं म्हणजे हाडं मोजून घेणं. घोडा दिसला तर लांबूनच ‘हॅलो’ म्हणा, आणि स्वाराने सांगितल्यावर हळू, लांबून पुढे व्हा. मागून अचानक घंटी नको.

निळ्या पाटीवरच्या आकड्यावर आंधळा विश्वास ठेवू नका. त्या पाटीवर लाल चौकोनात पांढरा आकडा म्हणजे राष्ट्रीय सायकल जाळ्याचा मार्ग, पण या जाळ्याची निम्म्याहून जास्त लांबी अजून रस्त्यावरच आहे. ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी नकाशासंस्थेच्या नकाशावर, गुलाबी किंवा नारिंगी मुखपृष्ठाचा, कोणताही, रस्त्यावरचा भाग आणि मोटारींशिवायचा भाग वेगळा दाखवलेला असतो. आदल्या रात्री बोटाने वाट चालून बघा.

सामानात जास्तीची ट्यूब, पंप, ॲलन की (षटकोनी किल्ली) हवेच. सप्टेंबरपासून शेतकरी कुंपणं छाटतात आणि हॉथॉर्नचे काटे वाटेवर पडतात. तेव्हा एक ट्यूब पुरत नाही, ठिगळंही ठेवा. वाटेकडेची नेटल ही रानटी वनस्पती अंगाला लागली तर आग होते, म्हणून अरुंद वाटेवर उघडे पाय नकोत. ऑगस्टअखेर त्याच झुडपांत ब्लॅकबेरी फुकट. खाण्याच्या बाबतीत खेड्यांच्या भरवशावर राहू नका: पबचं स्वयंपाकघर दुपारी दोन-अडीचला बंद होऊ शकतं, चहाची दुकानं चारच्या सुमाराला आवरतात. मी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून नेते. कॅफेत चहा घेते, दशमी बाहेर बाकावर खाते.

सायकल रेल्वेतून न्यायला वेगळं तिकीट लागत नाही. लांब पल्ल्याच्या जलद गाड्यांना बहुधा तिचं आरक्षण करावं लागतं, छोट्या गाड्यांत जो आधी येईल त्याला जागा, आणि घडीची सायकल कुठेही चालते. ॲव्हनक्लिफसारख्या स्टेशनावर हात केल्याशिवाय गाडी थांबत नाही. रविवारी रुळांची कामं निघतात आणि गाडीऐवजी बस येते. तिच्यात सायकल घेतीलच असं नाही. शनिवारी रात्री वेळापत्रकात ‘बस’ दिसली, तर सरळ वाट बदला किंवा जाऊन-येऊन दोन्ही बाजू सायकलनेच होतील एवढंच अंतर ठरवा.