एआयओ कूलर घेताय? आधी वॅट बघा, लायटिंग मग

बेळगाव, खानापूर, निपाणीकडची पोरं आता झकास पीसी बांधालेत आणि सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच, कुठला एआयओ घेऊ? (एआयओ म्हणजे प्रोसेसर पाण्यानं थंड करणारा तयार कूलर: प्रोसेसरवर पंप, तिथनं नळ्या आणि फॅन लावलेला रेडिएटर.) अहो खरं प्रोसेसर कुठला हाय ते आधी सांगा की. रायझन फाइव्ह ७६०० असेल तर तो स्टॉक म्हणजे कंपनीच्या मूळ सेटिंगला ८८ वॅटच्या वर जातच नाही, त्याला लिक्विड कूलर लावणं म्हणजे पैसे पाण्यात, अगदी शब्दशः. त्यापेक्षा दोन टॉवरचा बरा एअर कूलर घ्या आणि उरलेले पैसे ग्राफिक्स कार्डात घाला. आय-नाइन १४९००के असेल तर गोष्ट वेगळी, तो फुल लोडला २५३ वॅट ओढतोय, आणि मदरबोर्डनं लिमिट काढून टाकलेली असली तर त्याच्याही वर, तिथं ३६० मिलिमीटरच्या रेडिएटरखाली जाऊ नका.

आता साईज, म्हणजे फॅनच्या मापानं धरलेली रेडिएटरची लांबी, मिलिमीटरमध्ये. १२० चा एआयओ विसरा, त्या पैशात एअर कूलर जास्त थंड ठेवतोय. २४० आणि ३६० सगळ्यांना माहीत असतात, खरं मधला २८० कोण बघतच नाही. त्यात १४० चे दोन फॅन असतात, म्हणजे १४० गुणिले २८०, ३९,२०० चौरस मिलिमीटर. २४० चं क्षेत्रफळ येतंय २८,८०० आणि ३६० चं ४३,२००. म्हणजे २८० जवळजवळ ३६० च्या पंगतीला बसतोय, तेही दोनच फॅनमध्ये. तुमच्या कॅबिनेटला १४० ची जागा असेल तर माझं मत २८० ला.

रिव्ह्यू बघताना मात्र डोकं जाग्यावर ठेवा. एसी रूममध्ये २२ डिग्रीत टेस्ट करून ७० डिग्री आलं म्हणतात, आपल्याकडं अथणी-चिकोडीला मे महिन्यात खोलीतच ३६ असेल तर तोच कूलर त्याच लोडला ८४ च्या आसपास दाखवणार, कारण रेडिएटर खोलीतलीच हवा घेतोय, त्याच्यापेक्षा थंड तो करू शकत नाही. म्हणून आकडा नुसता बघू नका, खोलीपेक्षा किती डिग्री वर गेलं तो फरक बघा. दुसरं, दोन्ही कूलर एकाच वॅटवर टेस्ट केलेत का? आणि आवाज सारखा ठेवून केलेत का? फॅन फुल स्पीडला सोडला की कुठलाही कूलर भारी वाटतोय, खरं रात्री अकराला घरचे झोपलेले असताना तो आवाज चालणार हाय का. आणि पाच मिनिटांची टेस्ट तर सोडूनच द्या, आतलं पाणी तापायलाच वेळ लागतोय, अर्धा तास लोड दिल्याशिवाय खरा आकडा येत नाही.

घ्यायच्या आधी टेप घेऊन कॅबिनेट मोजा. बहुतेक रेडिएटर २७ मिलिमीटर जाड, त्यावर २५ चा फॅन, झाले ५२. आर्क्टिक लिक्विड फ्रीझर थ्री चा रेडिएटरच ३८ चा हाय, म्हणजे फॅन धरून ६३, वरती लावताना उंच रॅमला अडकू शकतोय. तो कूलर पैशाच्या मानानं लई चांगला आणि वॉरंटी ६ वर्षांची, खरं मोजल्याशिवाय ऑर्डर मारू नका. दुकानात जुना स्टॉक पडलेला असला तर तुमच्या प्रोसेसरच्या सॉकेटचं (इंटेलचं एलजीए १७०० किंवा एएमडीचं एएम५) ब्रॅकेट बॉक्समध्ये हाय का ते उघडून बघा. आणि वॉरंटीत रिप्लेसमेंट कोण देणार, दुकानदार का तुम्ही स्वतः कुरिअर करायचं, हे बिल करायच्या आधी विचारा, कूलर गेला तर तोवर पीसी बंद.

पंपाच्या डोक्यावर दोन इंचाचा स्क्रीन असतोय, त्यावर जिफ नाचतंय, त्याचे हजारो रुपये जास्त लागतात आणि प्रोसेसर एक डिग्रीनंही थंड होत नाही. हौस असेल तर घ्या, माझं काय.

बसवताना रेडिएटर वरती लावणं सगळ्यात सोपं. पुढं लावायचा असेल तर त्याचं वरचं टोक पंपापेक्षा उंच पाहिजे, कारण आतली थोडी हवा नेहमी सगळ्यात उंच जाग्याला जमते, ती पंपात शिरली की गुळगुळ आवाज चालू आणि पंपाचं आयुष्य कमी. तळाला तर लावूच नका. धूळ जास्त असलेल्या गावात पुढं जाळीचा फिल्टर पाहिजेच, आणि ब्लोअर मारताना फॅन बोटानं धरून ठेवा, फिरू देऊ नका.

कोल्ड प्लेटवरचं, म्हणजे पंपाखाली प्रोसेसरला टेकणाऱ्या धातूच्या प्लेटवरचं, प्लास्टिक काढलं का ते थर्मल पेस्ट लावायच्या आधी बघा. पंपाची वायर मदरबोर्डवरच्या एआयओ पंप हेडरला लावा, बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) फुल स्पीड ठेवा, आणि विंडोज टाकायच्या आधी तिथंच पंपाचा आरपीएम दिसतोय का बघा. शून्य दाखवत असेल तर लगेच बंद करून वायर तपासा.