मक्याच्या दाण्यातून मेक्सिको सिटी

परदेशातील एखादे शहर शिकवायचे म्हटले की आपण नकाशावर बोट ठेवतो, झेंडा रंगवून घेतो आणि चलनाचे नाव पाठ करून घेतो. आठवड्याभरात मुले तेही विसरतात. मराठवाड्यातील मुलांसाठी मी मेक्सिको सिटी निवडते, कारण आपल्याकडे बांधाबांधावर दिसणारी मका, मिरची आणि दसऱ्याचा झेंडू ही तिन्ही मूळची मेक्सिकोच्या मातीतली आहेत.

सुरुवात मक्याने करावी. अर्धा किलो वाळलेली मका (स्वीटकॉर्न चालत नाही) दीड लिटर पाण्यात घालून त्यात खाण्याचा चुना साधारण पाच ग्रॅम मिसळावा, मंद आचेवर अर्धा-पाऊण तास शिजवावे आणि रात्रभर तसेच झाकून ठेवावे. भांडे स्टीलचेच घ्यावे, कारण चुन्याने ॲल्युमिनियम खराब होते, आणि चुना मोठ्या माणसानेच हाताळावा. सकाळी दाणे चोळले की सालपटे सुटून हातात येतात. मुलांना सर्वांत जास्त मजा येथेच येते. तीन-चार पाण्यांनी स्वच्छ धुतल्यावर दाणे पाट्यावर किंवा मिक्सरमध्ये वाटावेत. पहिल्या वर्षी मी धुण्यात घाई केली आणि सगळ्यांच्या तोंडाला चुन्याची चव आली.

वाटलेल्या पिठाचा लिंबाएवढा गोळा दुधाच्या पिशवीच्या दोन तुकड्यांमध्ये ठेवून ताटाने दाबावा आणि तव्यावर दोन्ही बाजूंनी भाजावा, हाच टॉर्टिया. मक्याच्या कोरड्या पिठाची भाकरी काठवटीत थापताना कडेने चिरते, हे मुलींनी घरी पाहिलेले असते. मग हा गोळा का चिरत नाही, हा प्रश्न त्या आपणहून विचारतात. चुन्यामुळे दाण्याची साल सैल होते, पीठ चिकटून राहते आणि मक्यातील नायसिन हे जीवनसत्त्व शरीराला मिळू लागते. युरोपात मका गेली पण ही रीत गेली नाही, त्यामुळे मक्यावरच जगणाऱ्या तेथील गरिबांना पेलाग्रा हा आजार झाला. मोठ्या वर्गातील मुलांना हा भाग आवर्जून सांगावा.

दुसरा उपक्रम भुयारी रेल्वेचा. मेक्सिको सिटीतील मेट्रो 1969 मध्ये सुरू झाली तेव्हा, वाचता न येणाऱ्यांनाही स्थानक ओळखता यावे म्हणून प्रत्येक स्थानकाला चित्र देण्यात आले. चापुल्तेपेक म्हणजे नाकतोड्यांची टेकडी, म्हणून तेथे नाकतोडा. पिनो स्वारेस स्थानक खोदताना वायुदेवाचे जुने मंदिर सापडले, तेव्हा त्या स्थानकाला तेच चित्र मिळाले. मुलांनी आपल्या एसटीच्या मार्गावरील थांब्यांना अशीच चिन्हे काढावीत, मात्र अक्षर एकही लिहू नये. पैठणला पैठणीवरचा मोर सगळेच काढतात. खरी कसोटी फाट्यांची असते, कारण तेथे एक लिंब आणि एक चहाची टपरी याशिवाय काहीच नसते. एका मुलाने त्या लिंबाची मोडलेली फांदीच काढली आणि सगळ्या वर्गाने फाटा लगेच ओळखला.

मेक्सिको सिटीच्या जागचे, सरोवरातील बेटावर वसलेले जुने शहर, त्याच्या दक्षिणेकडील सोचिमिल्को भागातली चिखलावर रचलेली शेते आणि 1521 मधील स्पॅनिश विजय हे सारे परातीत माती-पाणी घेऊन एका तासात दाखवता येते. त्यावर जास्त वेळ घालवू नये.

झेंडू मात्र शेवटी ठेवावा. 1 आणि 2 नोव्हेंबरला तेथील घरांतून मृतांसाठी वेदी मांडली जाते, त्यांच्या आवडीचे पदार्थ ठेवले जातात आणि रंग-वासाने वाट सापडावी म्हणून झेंडूच्या पाकळ्या पसरल्या जातात. मुलांना घरी आजीला विचारायला सांगावे, की पितरांच्या पानात आपल्याकडे काय वाढतात आणि कोणाच्या आवडीचे म्हणून. ज्या घरात वर्षभरात कोणी गेले असेल, त्या मुलाला हा प्रश्न देऊ नये. त्याच्याकडे पाकळ्या सोलण्याचे काम द्यावे. आणलेली उत्तरे फळ्यावर लिहून घ्यावीत आणि त्याखालीच पाकळ्यांची वाट वर्गाच्या दारापर्यंत काढावी.