माल्टीज फाल्कन: आधी पुस्तक, मग तिन्ही पिक्चर

आमच्या देवगडाकडे आषाढ लागला की संध्याकाळी घराबाहेर पडायची सोय नसते, पागोळ्यांचा आवाज ऐकत पडवीत बसायचं, मग अशा वेळी हे पुस्तक काढा. पिक्चर मात्र मे महिन्यातच डाउनलोड करून ठेवा, पावसात लाईट आणि नेट दोघांचाही भरवसा नाही. रद्दीत जुनी कॉपी मिळाली असेल तर आधी दोन दिवस वाऱ्यावर सावलीत उघडी ठेवा आणि कपाटात कडुलिंबाचा सुका पाला घाला, नाहीतर गणपतीपर्यंत बुरशी धरलीच समजा.

डॅशियल हॅमेटची ही कादंबरी १९३० ची, त्याआधी ब्लॅक मास्क मासिकात क्रमशः आली होती. हॅमेट स्वतः पिंकर्टन एजन्सीत डिटेक्टिव्ह होता, त्यामुळे पाठलाग, झडती, पोलिसांशी हुज्जत हे सगळं हाताखालून गेलेल्या माणसाने लिहिलंय हे लगेच कळतं. गोष्ट एका काळ्या पक्ष्याच्या मूर्तीची, आत म्हणे सोनं नि रत्नं. आपल्याकडे गावोगाव कुणाच्या ना कुणाच्या परसात हंडा पुरलेला असतो ना, तसंच, आणि त्यापायी माणसं कुठल्या थराला जातात ते बघायचं.

पिक्चर आधी बघू नका, हे मी अगदी हात जोडून सांगतो. एकदा १९४१ च्या पिक्चरमधला हिरो हम्फ्री बोगार्ट डोळ्यासमोर बसला की पुस्तकातला डिटेक्टिव्ह सॅम स्पेड दिसतच नाही, आणि तो तर सोनेरी केसांचा, सैतानासारख्या चेहऱ्याचा आहे.

वाचताना दुसऱ्या प्रकरणावर थांबा. अंधारात फोन वाजतो, पलंगाच्या स्प्रिंगा करकरतात, काहीतरी खाली पडतं, मग नुसता आवाज ऐकू येतो आणि आपल्याला कळतं की स्पेडचा पार्टनर मेला. आता तुम्ही म्हणाल याला वाईट वाटलं की नाही? हॅमेट सांगत नाही. तो स्पेडची जाड बोटं दाखवतो, कागदात तंबाखू एकसमान पसरणारी, कडा दुमडणारी, सिगरेट वळून होईपर्यंत सगळं शांतपणे. अख्ख्या पुस्तकात कुणाच्या मनात काय चाललंय ते एकदाही सांगितलेलं नाही, सगळं हातांवरून, डोळ्यांवरून ओळखायचं, म्हणून घाईने वाचू नका, दिवसाला दोन प्रकरणं धरली तर वीस प्रकरणं दहा दिवसांत होतात.

सातव्या प्रकरणात स्पेड फ्लिटक्राफ्ट नावाच्या माणसाची गोष्ट सांगतो, बांधकामावरून तुळई अगदी शेजारी पडते आणि हा माणूस बायकापोरं सोडून निघून जातो. मूळ तपासाशी काही संबंध नाही, पण मला विचाराल तर पुस्तकातली सगळ्यात भारी पानं हीच, आणि १९४१ च्या पिक्चरमध्ये ती नाहीत.

आता पिक्चर, आणि ते सालाप्रमाणेच बघा. १९३१ चा शोधताना डेंजरस फीमेल हे नावपण टाकून बघा, टीव्हीवर तो त्याच नावाने दाखवायचे. १९३६ चा सेटन मेट अ लेडी, त्यात बेटी डेव्हिस आहे, पण पक्ष्याच्या जागी शिंग आणलंय आणि सगळी थट्टाच करून टाकलीय, अर्धा बघून सोडलात तरी चालेल.

१९४१ च्या पिक्चरला मात्र पूर्ण रात्र द्या. जॉन ह्युस्टनचं हे पहिलंच दिग्दर्शन, आणि पक्ष्याच्या मागे लागलेला जाड्या गटमन झालेला सिडनी ग्रीनस्ट्रीट एकसष्टाव्या वर्षी पहिल्यांदा पडद्यावर आला, त्याचं हसणं नीट ऐका. फोनचा सीन आला की पॉज करून दुसरं प्रकरण परत काढा, कॅमेरा फोनपाशीच थांबतो, स्पेडचा नुसता आवाज येतो, म्हणजे ह्युस्टनने हॅमेटची वाक्यं जशीच्या तशी कॅमेऱ्यात उतरवलीत.

शेवटी लिफ्टचं दार बंद होतं आणि पिक्चर संपतो. लगेच पुस्तकाचं शेवटचं पान उघडा, तिथे अजून सोमवारची सकाळ बाकी आहे, स्पेडची सेक्रेटरी एफी हातातला पेपर ठेवून स्पेडच्या खुर्चीतून उठते, आणि त्यानंतर ती त्याच्याशी कशी वागते ते एकदा मोठ्याने वाचा.